कागद तिरका धरून पाहावा

टॉर्की,
३ सप्टेंबर २०१८

प्रिय रूबेन,

स. न. वि. वि. बरा असशील. गुडघ्याचं मुद्दाम विचारत नाही, कारण विचारलं की तू चार पानं लिहितोस.

कामाचं लिहितो. माझा संग्रह विकायचं नक्की केलं आहे. लंडनचा क्रेस्पिन म्हणून एक व्यापारी परवा येऊन गेला. मर्जोरीचं कपड्यांचं कपाट मी त्याच्यासमोर उघडलं, तर तो पलंगावर बसलाच. बायको जाऊन इतकी वर्षं झाली, कपाटाचा एवढा चांगला उपयोग दुसऱ्या कोणी केला नसता. पुठ्ठ्याच्या त्रेचाळीस नळ्या, प्रत्येकीत गुंडाळलेलं एक चित्र! रस्त्यावरच्या भिंती रंगवणाऱ्या नामांकित मंडळींची स्क्रीनप्रिंट्स, मोजक्या प्रतींची, सही-क्रमांकासकट. आणि त्यातली एकही नळी मी आजवर उघडलेली नाही. हात, हवा, उजेड, कशाचा म्हणून स्पर्श नाही. क्रेस्पिन म्हणाला, "पॉबजॉयसाहेब, एवढा संयम मी अजून पाहिला नव्हता."

त्यात ‘मॉस’ या नावानं काम करणाऱ्या त्या कोणा इसमाचं ‘धुराड्यावरचा कावळा’ आहे. एकशेवीस प्रतींपैकी एकेचाळिसावी. ती तूच छापलीस आणि तूच नळीत घालून मला पाठवलीस. क्रेस्पिनला तुझ्याकडून दोन ओळी हव्या आहेत, की नळी तुझ्या दुकानातून निघाली तशीच बंद आहे. एक ऑक्टोबरला तो गाडी घेऊन येईल.

तू हसशील. खुशाल हस. भिंती खराब करणाऱ्या टवाळांबद्दल माझं मत काय आहे ते तुझ्याइतकं कोणाला माहीत नाही, आणि ते तिळमात्र बदललेलं नाही. भिंतीवर असतं तो गुन्हा. कागदावर, क्रमांकासकट आलं की ती मालमत्ता. एवढा फरक कळण्यासाठी माणसानं तीस वर्षं घरकर्जाच्या सोसायटीत काढलेली असावी लागतात.

कळावे,
तुझा,
लायनल

—

बेडमिन्स्टर, ब्रिस्टल,
६ सप्टेंबर

लायनल,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं तू विनोद करतो आहेस. मग आठवलं, तुला तो येत नाही.

त्रेचाळीस चित्रं, आणि एकाचंही तोंड पाहिलं नाहीस! अरे लेका, आंधळासुद्धा चित्रावरून एकदा हात फिरवून बघेल. तू बरण्या विकत घेऊन झाकणांची राखण करतो आहेस. आणि त्या क्रेस्पिनला याला संयम म्हणावंसं वाटलं. त्याला तरी दुसरं काय म्हणता येणार, त्याला माल हवाय.

तुझ्यासारखे मी खूप पाहिले. दुकान चालू होतं तेव्हा एक जोडपं आलं होतं, दोघांच्याही पायांत पांढरेशुभ्र बूट.
"एक नंबरची प्रत आहे का हो?"
"नाही."
"दोन?"
"नाही."
"मग सगळ्यात लहान नंबर कुठला आहे?"
मी म्हटलं, "चित्र कशाचं आहे ते तरी विचारा."
बाई म्हणाल्या, "ते आम्ही नंतर बघू."
त्यांना मी सांगितलं नाही, तुला सांगतो. पहिला छापलेला कागद ढिगाच्या तळाशी जातो. चित्रकार सही करायला बसतो तो वरून. म्हणजे तुमचा एक नंबर हा माझा शेवटचा कागद, दंड दुखायला लागल्यावर, चहाची वेळ टळून गेल्यावर काढलेला. त्याच्यासाठी तुम्ही मारामाऱ्या करता.

लस्कम बाई आठवतात? सकाळी डावीकडच्या खिडकीतून ऊन यायचं आणि फळा नुसता चकाकायचा. बाई कविता लिहायच्या, आपण ओरडायचो, "बाई, दिसत नाही!" आणि बाई मागे वळूनही न बघता म्हणायच्या, "मान वाकडी करा. कविता तुमच्या बाकापर्यंत चालत येणार नाही." काय बाई होत्या! त्या खडूचा वास मला अजून सकाळी उठल्यावर कधीकधी येतो. तू पट्टीनं समास आखून कविता उतरवून घ्यायचास, पैकीच्या पैकी मिळवायचास, आणि शाळा सुटेपर्यंत तुला एक ओळ आठवत नसे. मला सगळ्या पाठ, आणि वहीवर शाईचे डाग म्हणून शून्य. साठ-पासष्ट वर्षं झाली, आपण दोघंही तिथेच बसलो आहोत.

दाखला देत नाही. आधी नळी उघड, चित्र बाहेर काढ, बघ. मग बोल.

रूबेन

—

बेडमिन्स्टर,
७ सप्टेंबर

हेस्टर पोरी,

ग्लासगोत पाऊस असेलच. जाड मोजे घालतेस ना? फोनवर बोलावं तर मला आता फोनमधलं काही ऐकू येत नाही, म्हणून हे पत्र.

तुझा बाप संग्रह विकतो आहे. एक ऑक्टोबरला तुझा एकेचाळीस नंबरचा कावळा कुठल्यातरी लंडनच्या गोदामात जाईल, आणि तिथून आणखी कोणाच्या कपाटात. त्यानं तो उघडलेला नाही. ऐकतेस ना? तीन वर्षं तू समजत आलीस की त्यानं वाचलं आणि उत्तर दिलं नाही. त्यानं नळीचं झाकणसुद्धा काढलेलं नाही.

मॉस म्हणजे तू, हे त्याला ठाऊक नाही. दिवाणखान्यात बसून तो ज्या टवाळांना शिव्या घालतो त्यांतल्या एकीला आपणच एकोणीस वर्षं वाढवलं, आणि तिचंच चित्र कपाटात ठेवून आपण भाव चढायची वाट बघतो आहोत, हे त्याच्या गावीही नाही.

मला तो कावळा छापतानाचे दिवस आठवतात. काळा, विटकरी, राखाडी असे तीन रंग झाले, आणि तू म्हणालीस, "काका, अजून एक हात. वार्निशचा. बिनरंगाचा." मी म्हटलं, वेडी आहेस का, कोणाला दिसणार? तू म्हणालीस, "उजेडात तिरका धरला तर दिसेल. ज्याला बघायचंय त्याला." एकशेवीस कागदांवर चौथा हात ओढला मी, सुनं आकाश होतं तिथे, आणि प्रत्येक वेळी ती ओळ वाचली:

‘बाबा, शिडी लावा. मी अजून वरच आहे.’

ते माझं शेवटचं काम. त्यानंतर हात थरथरायला लागले. पण तीन वर्षांत एकशेवीस शहाण्यांपैकी एकालाही ती ओळ दिसली नाही! निम्म्यांनी नळीतच ठेवलं, निम्म्यांनी काचेमागे घातलं, आणि काचेच्या चकाकीत वार्निशची चकाकी मेली.

तू माझ्याकडून वचन घेतलंस की मी त्याला सांगायचं नाही. ते परत घे. एक ओळ लिहितो, "उघड, आत तुझ्या मुलीची चिठ्ठी आहे." बस.

रूबेनकाका

—

ग्लासगो,
११ सप्टेंबर

प्रिय रूबेनकाका,

वचन परत घेत नाही.

तुम्ही त्यांना सांगाल, ते चष्मा लावून वाचतील, आणि सभ्य गृहस्थासारखं उत्तर पाठवतील, टंकलिखित. मला ते नको. त्यांनी ते बघायला हवं होतं. नुसतं बघायला, काका! माणूस चित्र घेतो तर एकदा बघतो की नाही? एवढीच माझी अपेक्षा होती, आणि तीसुद्धा जास्त ठरली.

पंधरा वर्षांपूर्वी त्या दिवशी तुम्ही नव्हता. सकाळचे सहा. मी सोसायटीच्या शाखेच्या दर्शनी भिंतीवर, पहिल्या मजल्याच्या वरच्या अरुंद कठड्यावर उभी. त्यांचीच शाखा, त्यांनाच डिवचायला, कबूल आहे. ते हातात किल्ल्या घेऊन आले. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी शिडी उचलली, गल्लीत नेली, दार उघडून आत गेले आणि पोलिसांना फोन केला. पाऊण तास मी वर होते. खाली बायका दूध घेऊन जात होत्या. एक म्हणाली, "पोरी, उतरतेस का?" मी म्हटलं, "माझ्या वडिलांची वाट बघतेय." त्या शाखेचा घर क्रमांक एकेचाळीस होता. प्रत मी उगीच नाही निवडली.

विकू दे त्यांना. जाऊ दे कावळा. मी अठ्ठावीसला तिकडे येतेय, नॉर्थ स्ट्रीटच्या मागची मोठी भिंत करायची आहे. तुमच्याकडे चहाला येईन. तो विषय काढू नका.

हेस्टर

ता. क. मोजे घालते.

—

टॉर्की,
१२ सप्टेंबर

रूबेन,

नळी उघडणार नाही. एकदा उघडली की ती ‘उघडलेली’. हे तुझ्या डोक्यात शिरणार नाही, कारण तुझ्या डोक्यात लस्कम बाई बसल्या आहेत.

दाखला पाठव. उगाच कविता पाठवू नकोस.

लायनल

—

बेडमिन्स्टर,
१४ सप्टेंबर

लायनल,

दाखला देता येत नाही, त्याचं खरं कारण आता लिहावं लागतं आहे. लिहिताना लाज वाटते.

कावळा छापला तेव्हाच माझे हात थरथरायला लागले होते. मी कोणाला बोललो नाही. ओला कागद टेबलावरून उचलताना अंगठा जास्त दाबला गेला तर कागदावर नखाएवढा अर्धचंद्र उमटतो. समोरून दिसत नाही, पण कागद कायमचा दुखावतो. पन्नास वर्षांत असा एक कागद माझ्या दुकानाबाहेर गेला नव्हता. या खेपेला गेले असावेत. तीस ते साठ या क्रमांकांत कुठेतरी. मी ते वेळेवर फाडून टाकले नाहीत, गुंडाळून पाठवून दिले.

तुझ्या कागदावर आहे की नाही, हे तपासायचा एकच मार्ग आहे. सकाळी खिडकीशी जा. दिवा नको, उजेड बाजूनंच यायला हवा. कागद डोळ्यांच्या पातळीवर आडवा धर आणि हळूहळू तिरका करत जा. घाई करू नकोस. वरच्या कोऱ्या भागात नीट बघ, उचलताना अंगठा तिथेच पडतो.

सदोष माल ‘निर्दोष’ म्हणून विकलास तर क्रेस्पिन तुला कोर्टात खेचेल. पुढचं तू जाण.

रूबेन

—

टॉर्की,
१७ सप्टेंबर

रूबेन टोवी,

मी थक्क झालो. गुडघा, कान, हात, सगळं मी समजू शकतो. म्हातारपण मलाही आहे. पण ठाऊक असूनही गप्प राहिलास? वर मलाच ‘बरण्यांची झाकणं’ ऐकवलीस?

तुला सांगायचं नव्हतं, पण ऐक. क्लबात मी लोकांना सांगायचो, "टोवी माझ्या बाकावर बसायचा. त्याच्या हातचा कागद तपासावा लागत नाही." हे मी नऊ वर्षं सांगतो आहे. आता मी कुठल्या तोंडानं क्लबात जाऊ?

हा तुझा-माझा खाजगी प्रश्न राहिलेला नाही. तीस ते साठ क्रमांकांची माणसं अंधारात आहेत. म्हणून संग्राहकांच्या इंटरनेटवरच्या मंडळात मी तुझ्या पत्राचा मजकूर जसाच्या तसा टाकला आहे, खिडकी-बिडकीसकट. तो माझा धर्म होता.

माझी प्रत मी अजून काढलेली नाही. पांढरे सुती हातमोजे मागवले आहेत, त्यांना आठवडा लागेल. उघड्या हातानं मी कुठल्याही मालमत्तेला शिवत नाही.

एल. पॉबजॉय

—

ग्लासगो,
२३ सप्टेंबर

रूबेनकाका,

हे काय करून बसलात!

तीस ते साठ सोडाच, एकशेएकोणीस माणसं खिडकीत उभी राहून माझा कागद तिरका करताहेत. अर्धचंद्र कोणाला सापडला नाही. ओळ सापडली. मंगळवारी नॉर्वेतल्या एका दातांच्या डॉक्टरला दिसली, बुधवारी सगळ्यांना. इंटरनेटवर दुसरं काही नाही. माझी चिठ्ठी, काका, माझ्या बापाला लिहिलेली, आणि तिच्यावर लोकांनी प्रबंध लिहायला घेतलेत. एक म्हणतो, बाबा म्हणजे सरकार. दुसरा म्हणतो, छे, शिडी म्हणजे घरांच्या किमती, आमच्या पिढीची शिडी काढून घेतली. तिसऱ्यानं विचारलं, कावळा कोण? चौथा म्हणाला, कावळा म्हणजे आपण सगळेच. आणि किंमत तिप्पट झाली. तीन वर्षं ज्यांना काही दिसलं नाही ते आता म्हणताहेत, "मला पहिल्यापासून काहीतरी जाणवत होतं." गाढवं!

आणि तुमच्याबद्दल काय काय लिहितात ते वाचवत नाही. ‘टोवीनं शेवटी शेवटी टाकाऊ माल खपवला.’ मला ठाऊक आहे तो ढीग. मी प्रत्येक कागद बघून सही केली आहे. एकावरही डाग नाही, दाब नाही. तुम्ही धडधडीत खोटं लिहिलंत. पन्नास वर्षांचं नाव मातीत घातलंत, कशासाठी? एका माणसानं मान वाकडी करावी म्हणून?

खूप रागावले आहे. अठ्ठावीसला येते.

हेस्टर

ता. क. त्यांनी पाहिलं का?

—

बेडमिन्स्टर,
२५ सप्टेंबर

पोरी,

रागाव. मी दिलेलं वचन मोडलेलं नाही, हे लक्षात ठेव. मी फक्त उजेडाची दिशा सांगितली.

नावाचं म्हणशील तर नाव घेऊन मी आता कुठे जाणार? शेजारची मिसेस गिंजेल म्हणाली, "रूबेन, पेपरात तुमच्याबद्दल वाईट आलंय हो." मी म्हटलं, "माझ्या प्रगतिपुस्तकातही येत असे."

ता. क.चं उत्तर: ठाऊक नाही. हातमोजे यायचे आहेत.

काका

—

टॉर्की,
२६ सप्टेंबर

रूबेन,

हातमोजे काल आले. नळी मर्जोरीच्या शिवणाच्या कात्रीनं उघडली.

कागद खिडकीशी धरला. तू सांगितलंस तसाच. अर्धचंद्र एकही नाही. तीनदा पाहिलं. तू खोटारडा आहेस, आणि मंडळावर तसं मी आजच लिहून टाकलं आहे. टोवीचा कागद तपासावा लागत नाही, हेही लिहिलं.

क्रेस्पिनचा सकाळपासून चार वेळा फोन आला. घरांच्या किमतींबद्दल काहीतरी सांगत होता. त्याला येऊ नका म्हणून कळवलं. घरांच्या किमतींबद्दल मला कोणी शिकवू नये.

ती शिडी सोसायटीची होती. लाकडी, चौदा पायऱ्यांची. मी ती गल्लीत नेली आणि भिंतीशी आडवी ठेवली. मग आत जाऊन फोन केला. मग माझ्या टेबलाशी बसलो. पोलीस येईपर्यंत पाऊण तास लागला. माझ्या टेबलामागे खिडकी होती, डोकं बाहेर काढलं असतं तर ती दिसली असती. मी वर पाहिलं नाही. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. शिडी काढली हे सगळ्या ब्रिस्टलला ठाऊक आहे, पण मी वर पाहिलं नाही.

पंधरा वर्षं ती तुझ्याकडे येते-जाते आहे, आणि तू मला एका अक्षरानं कळवलं नाहीस. मी विचारलं नाही, हे खरं. त्याचा हिशेब आपण भेटल्यावर करू.

हातमोजे घालून वार्निश कळत नाही. म्हणून काढले. त्या ओळीवरून बोट फिरवलं. आता कागदावर माझ्या बोटाचा ठसा आहे.

कामाचं विचारतो. तुझ्याकडे शिडी आहे का? स्टेशनवर चौकशी केली, ट्रेनमध्ये नेऊ देत नाहीत.

लायनल

—

बेडमिन्स्टर,
२७ सप्टेंबर

लायनल,

आहे. अॅल्युमिनियमची, वाढवता येणारी. मागच्या दाराशी असते. मिसेस गिंजेलला सांगून ठेवतो, ती एक टोक धरेल.

सोमवार, एक तारीख. सकाळी सहा. नॉर्थ स्ट्रीटच्या मागच्या बाजूला, जिथे पूर्वी लोणच्यांचं दुकान होतं त्याच्याशेजारची मोठी भिंत. मचाण बांधणाऱ्यांना मी एक दिवस उशिरा या म्हणून निरोप धाडला आहे. हेस्टर मचाणाशिवायही चढेल, तिला तू ओळखतोस.

मी येणार नाही. माझा गुडघा (पुढची चार पानं गाळली आहेत).

जुने बूट घाल.

रूबेन

—

(दाराच्या फटीतून आत टाकलेली चिठ्ठी; रंगाच्या डब्याच्या पुठ्ठ्यावर)

१ ऑक्टोबर

काका, बेल तीनदा वाजवली, तुम्हाला ऐकू आली नाही. समोरच्या दुकानातून पाव घ्यायला आले होते, पाच मिनिटांत परत जायचंय.

शिडी आज परत मिळणार नाही. ते सोडत नाहीत. एक शब्द नीट बोललेले नाहीत. आल्याआल्या म्हणाले, "हा कोन चुकीचा आहे, शिडी अशी लावतात होय?" मी म्हटलं, "बाबा, तुम्ही मागच्या वेळी शिकवायच्या आधीच घेऊन गेलात."  मग दोन्ही हातांनी धरून उभे राहिले, ते सकाळपासून तसेच.

दहा वाजता म्हटलं, "जरा बसा, चहा घ्या." तर म्हणतात, "आधी तू खाली ये." मी म्हटलं, "कावळ्याची चोच राहिलीय अजून." तर म्हणाले, "मग कर ना. मी आहे."

आता मी खाली पावासाठी आलेय, तरी ते तिथेच, रिकामी शिडी धरून.

नवे बूट घालून आलेत. त्यांवर रंग सांडला. सारखे वर बघत होते, म्हणून थोडा तोंडावरही.